घर वन्संना, एका अटीवर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार स्वतःच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. त्यावर केसही परत आले आहेत, पूर्वीपेक्षा कुरळे, आणि ते कोणाला आवडतात की नाही याचा या दस्ताशी संबंध नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही, कारण दडपण आणणारी मंडळी सध्या आपापल्या गावी आहेत. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि त्यांच्या कोटाची डावी बाही उजवीपेक्षा लांब आहे हेही सांगितले. त्यांनी दोन्ही बाह्या नीट पाहिल्या आणि सही केली.

माझे यापूर्वीचे मृत्युपत्र, जे मी शस्त्रक्रियेच्या आधी घाबरून केले होते, ते या लेखाने रद्द समजावे. त्यात मी सगळ्यांना सगळे वाटून टाकले होते आणि वर सगळ्यांना माफही केले होते. भूल देण्याच्या आदल्या दिवशी माणूस काहीही लिहितो.

मृत्युपत्र लिहिणारा गेल्यावर ते उघडतात, असा प्रघात आहे. हे तसे नाही. हे माझ्या नणंदेने, म्हणजे वन्संनी, आम्ही दोघीही जिवंत असताना वाचायचे आहे. त्यांच्या उजव्या स्तनात गाठ लागते आहे, ती हाताला लागून महिना उलटला, आणि त्या दवाखान्याची पायरी चढायला तयार नाहीत. हा सगळा खटाटोप त्यासाठी आहे. इतरांचीही सोय खाली लावली आहे, कारण वकीलसाहेब म्हणाले की एकाच माणसावर चिडून मृत्युपत्र करणे बरे दिसत नाही.

कलम १. माझा एकुलता एक मुलगा परगावी मोठ्या हुद्द्यावर आहे. माझ्या आजारपणात त्याने काही कमी केले नाही. जे केले ते फोनवरून केले एवढेच. रोज संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल येई आणि तो मला पॉझिटिव्ह राहायला सांगे. केमोनंतर माझ्या तोंडात अशा जखमा व्हायच्या की पाण्याचा घोट गिळणेही नको वाटे, आणि हा म्हणायचा, "आई, चेहऱ्यावर हसू पाहिजे गं. अर्धा आजार मनात असतो." उरलेला अर्धा कुठे असतो हे त्याला दाखवण्यासारखे नव्हते. एकदा मी फोन भिंतीला टेकवून त्याचे तोंड भिंतीकडे केले आणि आत जाऊन पडले. तो बराच वेळ बोलत होता. भिंत शेवटपर्यंत पॉझिटिव्ह राहिली.

त्याने रस काढायचे एक यंत्र पाठवले होते. ते खोक्यासकट त्याला परत मिळावे. बँकेतील शिल्लक त्याला आणि सुनेला निम्मी निम्मी. तो वाईट नाही. त्याला आईचा आजार पाहवत नाही, आणि न पाहण्याची सोय त्याच्याकडे आहे.

कलम २. शिवणयंत्र, कात्र्या, सगळी सुताची रिळे आणि बटणांचे डबे सुनेला. तिला शिवता येत नाही. सुईत दोरा ओवताना ती जीभ बाहेर काढते. पण ती रजा घेऊन आली, आणि राहिली तेवढ्या दिवसांत तिने मला एकही सल्ला दिला नाही. मी उलटी केली की ती न्हाणीघर धुवायची, हात पुसायची आणि विचारायची, "दही चालेल का, आई?" स्टीलच्या चमच्याने सगळे कडू आणि लोखंडी लागते हे तिच्या लक्षात आले, तेव्हा ती बाजारात जाऊन लाकडी चमचा घेऊन आली. यंत्र तिने विकले तरी माझी हरकत नाही. चमचा मात्र विकू नये.

कलम ३. माझी धाकटी जाऊ. ही मला धीर द्यायला आली आणि दारातच रडू लागली. माझ्या काखेतून नळी निघालेली, कमरेला ड्रेनची बाटली लटकलेली, आणि मी तिच्यासाठी चहा टाकते आहे, असा तो धीराचा कार्यक्रम दुपारभर चालला. चहा झाल्यावर तिने डोळे पुसले, पडद्यांकडे पाहिले, खिडकीच्या रुंदीकडे पाहिले आणि मग हळूच माझ्या छातीकडे पाहिले.

"ताई, आता तुम्हाला कपडे कसे हो बसणार?"

हा प्रश्न तिने अर्धे आयुष्य लोकांच्या अंगाला कपडे बसवणाऱ्या बाईला विचारला. त्याच आठवड्यात मी मऊ सुती कापडाची एक थैली शिवली, आत मोहरी भरली, दुसऱ्या बाजूच्या वजनाइतकी तोलून, आणि आतल्या कपड्याला कप्पा करून त्यात बसवली. तेव्हापासून मला सगळे कपडे बसतात. ती थैली धाकट्या जावेला द्यावी. मोहरी स्वयंपाकात वापरायची असल्यास आधी निवडून घ्यावी.

कलम ४. माझा विग. हा डोक्यावर घातला की मी माझ्याच जुन्या मुख्याध्यापिकेसारखी दिसत असे, म्हणून मी तो दोनदाच वापरला. आमच्या गल्लीतील ज्या ज्या मंडळींनी मला थांबवून "आमच्या ओळखीत एक होत्या, अगदी तुमच्यासारख्याच, त्या गेल्या" असे प्रेमाने सांगितले, त्या सर्वांना हा विग सामाईक मालकीने मिळावा. पाळीपाळीने वापरावा. भांडण झाल्यास माझ्या वारसांकडे येऊ नये.

कलम ५. घर. आता मुद्द्याचे.

वन्सं माझ्या नवऱ्याच्या धाकट्या बहीण, माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठ्या. नात्याने मी मोठी आणि वयाने त्या, म्हणून आम्ही एकमेकींना अहो-जाहो करत आलो आणि दोघींनाही ते कायम अन्यायाचे वाटत आले. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, लोकांची बोलणी जोडून देण्यात गेली. यजमान लवकर गेले, मुलगी दूर असते, आणि त्या दोन गल्ल्या पलीकडे भाड्याच्या खोलीत राहतात. त्या मुलीच्या लग्नाचा पोशाख वन्संनी तयार कपड्यांच्या दुकानातून आणला. घरात शिंपीण असताना. आणि आणला तो आणला, वर कमरेत सैल करायला माझ्याकडे घेऊन आल्या. मी तो सैल करून दिला, इस्त्री करून दिला, आणि त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणे सोडले. त्यांनीही सोडले. त्यांचे म्हणणे असे की माझा नवरा तेव्हा आजारी होता आणि मला कामाचा ताप नको म्हणून त्यांनी तसे केले. हे त्यांनी मला कधी सांगितले नाही. नवऱ्याला सांगितले, आणि त्याने मला. त्यानंतर नऊ वर्षे आमच्यात शब्द नाही, आणि मधला निरोप्या तर निघून गेला.

मला कॅन्सर निघाला हे कळल्यावर वन्सं एक पिशवी घेऊन माझ्या दारात आल्या. माझ्याकडे न पाहता आत शिरल्या आणि नवऱ्याच्या तसबिरीसमोर उभ्या राहिल्या.

"दादा, मी इथे राहायला आले आहे. वहिनींना सांग."

मीही तसबिरीलाच म्हणाले, "त्यांना सांगा, आतल्या खोलीतला पलंग डुगडुगतो. पायाखाली पुठ्ठा घालावा लागेल."

त्या राहिल्या. माझे सगळे उपचार होईपर्यंत राहिल्या, आणि या सबंध काळात आम्ही दोघींनी अबोला मोडला नाही. याचा त्रास आम्हाला कमी आणि दवाखान्याला जास्त झाला. केमोच्या दालनात ओळीने आरामखुर्च्या होत्या. माझ्या खुर्चीला लागून वन्सं स्टुलावर बसत, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, आणि पलीकडच्या नर्सबाईंना हाक मारत.

"अहो, यांना सांगा, बर्फ चघळायची वेळ झाली, नाहीतर तोंड येईल."

नर्सबाई पहिल्या दिवशी बिचाऱ्या उठून आल्या आणि मला म्हणाल्या, "बर्फ चघळायची वेळ झाली."

"त्यांना सांगा, दात शिवशिवतात."

"अहो, त्या ऐकताहेत की," नर्सबाई म्हणाल्या.

"ऐकत असतील," वन्सं म्हणाल्या. "त्यांच्या कानांवर माझा हक्क नाही."

पुढेपुढे नर्सबाईंनी नाद सोडला. मग शेजारच्या खुर्चीतील जे कोणी असेल त्यांच्यावर हे काम आले. एका निवृत्त रेल्वे गार्डांनी ते फार मनापासून केले. त्यांना स्वतःलाही सुई लावलेली असायची, पण आमच्यामुळे वेळ बरा जातो असे ते म्हणत.

माझे केस गळायला लागले तेव्हा ते शिवायला घेतलेल्या पांढऱ्या कापडावर पडू लागले. वन्संनी पाहिले, टेबलावरची माझी कापडाची कात्री उचलली आणि माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. त्या कात्रीने मी नवऱ्याला कधी साधा कागद कापू दिला नव्हता. केसांनी धार जाते. ओरडायला तोंड उघडले आणि मग आठवले की आपण बोलत नाही. त्यांनी सगळे केस कापले, मग नवऱ्याच्या जुन्या वस्तऱ्याने डोके साफ केले, कुठेही न लागू देता. झाल्यावर तसबिरीकडे वळल्या.

"डोकं चांगलं गोल आहे की रे, दादा. कधी सांगितलं नाहीस."

मी त्या दिवशी रडले. वन्सं माझे रडणे होईपर्यंत खाली पडलेले केस गोळा करत बसल्या, आणि केस संपल्यावरही फरशी झाडत राहिल्या.

शस्त्रक्रियेनंतर डावा हात वर जाईना. भिंतीवर बोटे टेकवून ती वर वर चालवत न्यायची, असा व्यायाम दिला होता. हात जिथे पोचेल तिथे वन्सं शिवणाच्या खडूने रेघ ओढायच्या आणि भिंतीला सांगायच्या, "कालच्यापेक्षा खाली आहे." वर गेला तर काहीच सांगायच्या नाहीत. त्यांच्या गप्प बसण्यावरून मला कळायचे की आज बरे चालले आहे. त्या रेघांवर पुढे कोणीही रंग देऊ नये.

उपचार संपल्यावर वन्सं पलंगाखालचा पुठ्ठा काढून आपल्या खोलीवर परत गेल्या. मीही थांबा म्हटले नाही, कारण म्हणायचे कसे? मग महिन्यापूर्वी एका दुपारी त्या दुकानात आल्या, पडद्यामागे मापे घेतो तिथे जाऊन उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "वहिनी, हात आणा इकडे."

नऊ वर्षांनी त्या माझ्याशी बोलल्या. मला वाटले पोलके घट्ट झाले असेल. त्यांनी माझा हात धरून कपड्याच्या आत, उजव्या बाजूला ठेवला.

"हे काय आहे? का माझा आपला वहीम?"

कोटाच्या बटणाएवढी, टणक, जागची न हलणारी गाठ. माझीही तशीच होती.

"उद्या दवाखान्यात जाऊ," मी म्हणाले.

"मुळीच नाही."

"का नाही?"

"मी सगळं पाहिलंय तुमचं. त्या खुर्चीत बसायचं, तोंड सडवून घ्यायचं, केस घालवायचे. आणि जवळ कोण बसणार? तुम्ही? तुम्हाला दुधाची पिशवी उचलवत नाही."

"बसायला दूध उचलावं लागत नाही. आणि मुलगी आहे तुमची."

"तिला कळवायचं नाही. तुम्हाला दाखवलं ते चुकलंच माझं."

त्यांनी बटणे लावली आणि पडदा सारून बाहेर गेल्या. तेव्हापासून त्या माझ्याशी रोज बोलतात. नळाच्या पाण्याबद्दल, भाज्यांच्या भावाबद्दल, घरमालकाच्या पायांबद्दल, नऊ वर्षांचे साचलेले सगळे. गाठीचे नाव काढले की तेवढ्यापुरता अबोला. मी समजावले, रागावले, हात जोडले. डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली, तर वन्संनी परस्पर फोन करून ती रद्द केली. मला भीती वाटते. स्वतःच्या वेळी वाटली होती त्यापेक्षा जास्त वाटते, कारण तेव्हा निदान काय करायचे ते माझ्या हातात होते. मला वन्सं हव्या आहेत. हे मी तोंडावर म्हणू शकत नाही, म्हणून इथे लिहिते, इथे ते कायदेशीर आहे.

सबब, माझ्या मालकीच्या वरच्या दोन खोल्या आणि खालचे दुकान मी वन्संना पूर्ण मालकी हक्काने देत आहे, पुढील अटीवर.

उद्या, सोमवारी, सकाळी त्या माझ्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे येतील. सुई टोचून तपासणी करून घेतील. गाठ साधी निघाली तर मला वाटेल ते बोलण्याचा त्यांना हक्क राहील. साधी नसली तर जे उपचार सांगतील ते पुरे करतील, मध्येच उठून येणार नाहीत. शेजारच्या स्टुलावर मी बसेन. गप्प बसणार नाही, हेही त्यांनी आत्ताच समजून असावे.

ही अट मोडल्यास दोन्ही खोल्या आणि दुकान धाकट्या जावेला जाईल. पडद्यांचे माप तिने घेऊन ठेवलेच आहे. वन्संना ती किती आवडते हे सर्व कुटुंबाला ठाऊक आहे.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, चहा पिऊन सही केले आहे. सहीच्या वेळी हजर असलेल्यांनी खाली साक्ष द्यावी.

लिहून देणार: (सही) वरील शिंपीण
साक्षीदार क्र. १: (सही) कोपऱ्यावरचे औषधवाले
साक्षीदार क्र. २: (सही) वन्सं

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच टेबलावर लिहिलेली.

साक्षीदार क्र. २ म्हणून शेजारच्या गाळ्यातील किल्लीवाले ठरले होते. औषधवाल्यांनी सही केल्यावर किल्लीवाले आपला चष्मा आणायला गेले. वन्सं खुर्चीत बसून कलम ५ वाचत होत्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. वाचून झाल्यावर त्यांनी औषधवाल्यांच्या हातातील पेन घेतले आणि मोकळ्या जागी सही केली.

औषधवाले एकदम पुढे झाले. "अहो बाई, तुम्ही नाही सही करायची. ज्याला मिळणार आहे त्याने साक्ष दिली की त्याला काही मिळत नाही. कायदा आहे तसा."

"माहीत आहे," वन्सं म्हणाल्या. "माझ्या यजमानांच्या वेळी वकिलांनी सांगितलं होतं. म्हणूनच केली."

"म्हणजे घर नको तुम्हाला?"

"घर कोणाला नको असतं?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "घर दाखवून मला सुई टोचायला नेता होय? मी तुमच्याजवळ बसले ती घरासाठी बसले का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग उद्या मी येते. पण फुकट येते. आणि तुम्हीही माझ्याजवळ फुकटच बसायचं."

मी म्हणाले, बरं.

औषधवाले मात्र अस्वस्थ होते. त्यांनी समजावले की आता या कागदाप्रमाणे वन्संचा हिस्सा बाद झाला, आणि मी आज गेले तर दोन्ही खोल्या आणि दुकान सरळ धाकट्या जावेच्या पदरात पडेल. पाचच मिनिटांचे काम आहे, नवा कागद घेऊ, किल्लीवाले आलेच आहेत, असे म्हणून त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. वन्संनी त्यावर हात ठेवला.

"आज नाही. माझं सगळं पुरं होऊ दे, मग करा नवीन. किती महिने लागतील ते लागतील."

"आणि मध्ये मला काही झालं तर?"

"तर घर तिला जाईल. ते तुम्हाला चालणार आहे का?"

"नाही."

"मग होऊ द्यायचं नाही. तुम्ही मला अट घातलीत. ही माझी."

सबब, मी लिहून ठेवते की कलम ५ मधील दवाखान्याची अट मी काढून टाकत आहे, तिचे काम झाले आहे, बाकी मजकूर तूर्त तसाच राहील. नवे मृत्युपत्र वन्संचे सगळे पार पडल्यावर केले जाईल. तोपर्यंत मरण्याची मला परवानगी नाही.

लिहून देणार: (सही) शिंपीण
साक्षीदार: (सही) औषधवाले
(सही) किल्लीवाले, चष्मा लावून
स्थळ: दुकान, कापड कापण्याचे टेबल
दिनांक: रविवार. सकाळी लवकर निघायचे असल्याने वन्सं आज इथेच राहत आहेत.